चिमट्यावर जळणारा झारा

मित्रांनो, मी एक जुना झारा आहे. झारा म्हणजे कढईतला पदार्थ उचलून त्याचं तेल निथळवणारा, लांब दांड्याचा आणि भोकाभोकांचा. आपली गोष्ट सांगताना आधी आपले गुण सांगायचे अशी आम्हा वस्तूंची रीत आहे. पण मी आधी अवगुण सांगतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. गंज मला फार कमी चढला. आतून जे खाल्लं ते या दुखण्यानेच.

एका लोहाराने मला घडवलं. लोखंडाची चकती ठोकून ठोकून जराशी खोलगट केली आणि टोच्याने तिला भोकं पाडली. साठ भोकं अगदी ओळीत पडली. एकसष्टावं पाडताना त्याला कोणीतरी हाक मारली, त्याची मान वळली आणि ते भोक ओळ सोडून काठाशी गेलं. त्यामुळे मला कोणी घेईना. गिऱ्हाईक यायचं, उचलायचं, नाक मुरडायचं आणि शेजारचा झारा घेऊन जायचं. तेव्हापासूनच माझी जळायची सवय.

मग एक तरुणी आली. नुकताच संसार मांडला होता तिने. तिने मला उजेडात धरलं आणि हसली. "हे एक भोक पळून चाललंय की! हाच द्या मला." तीच आमची आई. म्हणजे टिल्लीची आई. पण टिल्लीच्या आधी सहा वर्षं मी त्या घरात होतो, म्हणून मीही तिला आईच म्हणतो.

आई पडदे आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम करायची. घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं, की दोघं समोरासमोर आले तर एकाने तिरकं व्हावं. शेगडीच्या डावीकडे एक खिळा होता, तो माझा. रविवारी तळण असलं की आई डाव्या खांद्यावर एक सुती फडकं टाकायची, मला खिळ्यावरून काढायची आणि पुसायची. एकदा पुढून, एकदा मागून. मी अगदी कोरडा खडखडीत असलो तरी दोनदा पुसल्याशिवाय तिने मला तेलात कधी घातलं नाही. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. मला मात्र वाटायचं, हे माझे लाड आहेत.

चौदा वर्षं असं चाललं. बटाट्याच्या काचऱ्या, पावाचे तुकडे, मासे, सगळं माझ्या हाताखालून गेलं. "माझा झारा कुठे गेला?" असं आई म्हणायची, तेव्हा त्यातला 'माझा' मी जपून ठेवायचो.

आता त्या घरात जळणारा मी एकटाच नव्हतो. आईची धाकटी बहीण, म्हणजे टिल्लीची मावशी, स्वयंपाकघराच्या सामानाच्या मोठ्या दुकानात कामाला होती. काचेचे दरवाजे, थंडगार हवा, असं ते दुकान. मावशी येताना नेहमी एक चकचकीत पुडा आणायची. त्यात मक्याचे त्रिकोणी चिप्स असत आणि पोटात चीज भरलेलं असे. चावलं की कुर्रकन आवाज आणि मग जिभेवर मऊ चीज. टिल्ली पुडा उलटा करून चुरासुद्धा चाटायची.

"मावशी, तुझे चिप्स जगात भारी," ती एकदा म्हणाली. "आईला असलं काहीच येत नाही."

 तेव्हा आई मला घासत होती, आणि तिने मला जरा जास्तच घासलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मावशी गेल्यावर ती म्हणाली, "मी घरी करते हे चिप्स. पुढच्या रविवारी. बघच तू."

रविवारी तिने मक्याच्या पिठात थोडा मैदा घालून घट्ट मळलं, पातळ लाटलं, त्रिकोण कापले. एका त्रिकोणावर चीजचा तुकडा, वर दुसरा त्रिकोण, आणि कडा बोटाने दाबल्या. दिसायला झकास. पण तेलात पडताच कडा उघडल्या, चीज बाहेर आलं आणि मी उचलायला गेलो तर ते थेट माझ्या भोकांत शिरून घट्ट झालं. एकसष्टातली चाळीस भोकं बुजली. टिल्ली संध्याकाळभर दात कोरायच्या काडीने एकेक भोक मोकळं करत बसली.

नेमकी तेव्हाच मावशी आली. "अगं ताई, असल्या पदार्थाला हा झारा कसा चालेल? याला चिमटा पाहिजे. आणते मी."

आणि आणलाच. लांब लांब पाय, टोकाला लाल मऊ पंजे, मधे कडी. कडी ओढली की पाय मिटतात, सोडली की फाकतात. टिल्ली दिवसभर त्याने घरातल्या वस्तू पकडत फिरली: साबण, मोजा, बाबांचा चष्मा. शेवटी तिने मला खिळ्यावरून काढलं आणि तिथे चिमटा टांगला. आईने पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, "अगं, तो माझा झारा." ती म्हणाली, "राहू दे."

माझी रवानगी खालच्या खणात झाली. सोबतीला तुटकी सोलाणी, बाटल्यांची झाकणं आणि रबरांचा गुंता. अंधारात मी वरचे आवाज ऐकायचो. पाव उलटायला चिमटा, बटाटे काढायला चिमटा. "काय मस्त पकडतो गं हा!" हे वाक्य मी मोजून अकरा वेळा ऐकलं आणि अकराही वेळा मनातल्या मनात म्हणालो, तुझी कडी तुटो. तुझे लाल पंजे वितळोत. मित्रांनो, असलं बोलणं चांगलं नाही हे मला कळत होतं. कळत असूनही मी ते रोज बोलत होतो.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली नाही. चिमटा आल्यापासून आईच्या खांद्यावर फडकं नसायचं. तो धुतला की झटकून टांगायचा. त्याला पुसायचं कारणच पडत नव्हतं.

इकडे आई हट्टाला पेटली होती. दुकानात पडद्याची कड दुमडता दुमडता एके दिवशी तिच्या डोक्यात आलं, की कापडाची कड आपण नुसती दाबून सोडतो का? एकदा आत दुमडतो, पुन्हा दुमडतो आणि मग टाका घालतो. घरी येऊन तिने चिप्सना तेच केलं. पिठाचा खालचा त्रिकोण मोठा कापला, त्याची कड वरच्यावर दोनदा दुमडली आणि काट्याच्या टोकांनी जवळजवळ दाबली. अगदी शिवणीसारखी. असे तीस त्रिकोण तिने शनिवारी करून बर्फाच्या कप्प्यात कडक करायला ठेवले. रविवारी मावशीला मुद्दाम जेवायला बोलावलं.

"आता उघडले तर मी शिवणकाम सोडीन," ती टिल्लीला म्हणाली.

रविवार उजाडला. खणातून मला मावशीची चप्पल ओळखू आली, तेलाचा सूं सूं आवाज आला. पहिले सहा त्रिकोण तेलात पडले. कडा उघडल्या नाहीत. एकही नाही! टिल्लीने टाळ्या पिटल्या. मग ते सोनेरी झाले आणि आईने चिमटा उचलला.

आता नीट ऐका. चिमटा पकडतो. मी पेलतो. चीज भरलेला त्रिकोण तेलातून काढताना आत सगळं पातळ झालेलं असतं आणि वरचं आवरण कुरकुरीत. चिमट्याने त्याला पोटावर दाबलं आणि फट्! त्रिकोण मधोमध फुटला. दुसराही फुटला. चीज तेलात उतरलं, तेल तडतडायला लागलं आणि उरलेले चार करपायच्या बेताला आले.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! खणातल्या खणात मी नाचायचाच बाकी होतो.

"टिल्ले, झारा! झारा दे लवकर! माझा झारा!"

'माझा' म्हणाली ती. टिल्लीने खण ओढला. माझ्या अंगावर धूळ होती, दांड्याला रबर गुंडाळलेलं होतं. शहाणी पोर, तिने रबर काढलं, मला नळाखाली धरलं, खसखसून चोळलं आणि तशीच धावत आली. माझ्या भोकाभोकांतून पाणी टपकत होतं. दांडा आणि चकती जिथे जोडली आहेत त्या सांध्यात तर पाणी नेहमीच लपून बसतं. आईचा हात सवयीने खांद्याकडे गेला. फडकं नव्हतं. कढईत चिप्स काळे पडत होते.

मी ओला आहे, हे मला माहीत होतं. मला तोंड नाही, खरं आहे. पण तोंड असतं तरी मी त्या क्षणी बोललो नसतो. आधी मला त्या चिमट्यासमोर कढईत उतरायचं होतं.

आईने मला तेलात घातलं आणि तेल उसळलं. ते तिच्या उजव्या मनगटावर आणि अंगठ्यावर उडालं.

तिने हात झटकन मागे घेतला. मावशीने आधी गॅस बंद केला, मग तिचा हात धरून नळाखाली नेला आणि सोडलाच नाही. बराच वेळ गार पाणी वाहत होतं. तो तिचा सुई धरायचा हात होता. टिल्ली दाराशी उभी राहून हुंदके देत होती. "मीच दिला ओला. मीच दिला."

"तुझी चूक नाही, बाळा," आई म्हणाली. "तुला मी कधी शिकवलंच नाही. चूक माझी."

दोघींनी वाटून घेतली ती चूक. माझा वाटा कोणी मागितला नाही.

तेल निवल्यावर मावशीने ते गाळलं, पुन्हा तापवलं आणि उरलेले चोवीस त्रिकोण तळले. आई हाताला ओलं फडकं गुंडाळून खुर्चीवर बसली होती आणि सांगत होती: "आधी पुस त्याला. पुढून. आता मागून. खालून अलगद उचल." एकही फुटला नाही. मावशीने एक खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "ताई, पुड्यातले याच्यापुढे काहीच नाहीत. लहानपणापासून जळतेय मी तुझ्या हाताच्या चवीवर. मला असलं काही करता येत नाही, म्हणून तर पुडे विकत आणते."

 आई हसली. "वेडे, आणि मी तुझ्या पुड्यांवर जळत होते."

बारा दिवस आईला सुई धरता आली नाही. दुकानातले गणवेश दुसरीने शिवले. मनगट बरं झालं, पण अंगठ्याजवळ एक फिकट डाग राहिला तो राहिलाच.

आता मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. शेजारी दुसरा खिळा ठोकून तिथे चिमटा टांगला आहे. पाव उलटायला तो, तळण काढायला मी. त्याचं कौतुक झालं की अजूनही मला जरासं दुखतं. स्वभाव काय असा सहज जातो? पण त्याची कडी तुटो असं आता मी म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कढई तापेल तेव्हा मोठं माणूस जवळ असू द्या, आणि झारा नीट पुसलाय ना ते बघा. तो किती आतुर दिसतोय यावर जाऊ नका. ओले असलो तरी आम्ही स्वतःहून सांगत नाही.

आई आता मला खिळ्यावरून काढते. खांद्यावर फडकं असतंच. ती मला पुढून पुसते, मागून पुसते. मी पूर्ण कोरडा झालेला असतो. मग ती थांबते, मला उजेडात धरते, त्या पळून चाललेल्या भोकाकडे बघते आणि दांड्याच्या सांध्यापाशी आणखी एकदा पुसते. पूर्वी तिला दोनदा पुसणं पुरायचं.