रेफिलोएची खुंटी

आमच्या मासेरूत सून घरात आली की सासरचे तिला नवं नाव देतात, आणि ते पुढे होणाऱ्या बाळाच्या नावावरून ठरतं. मला मिळालं मा-रेफिलोए, रेफिलोएची आई. केस पिकू लागले तरी रेफिलोए काही आला नाही. मी रोज पहाटे माळ जपते, शुक्रवारी मांसाला शिवत नाही, बाकी देवावर सोपवलं आहे.

आम्ही शिवलेल्या जीन्स घेणाऱ्या परदेशी कंपनीने कारखान्यात पाळणाघर बांधून दिलं. त्यांच्या बाईने आमची नावं वाचली, 'मा'च्या पुढचं नाव म्हणजे घरात पोर आहेच असं धरलं आणि पोरांच्या पिशव्यांसाठी नावानिशी खुंट्या ठोकून घेतल्या. एक खुंटी रेफिलोएची. शेजारच्या मशीनवरच्या लिनेओला मात्र नाही. लग्नच झालेलं नाही, तर नावात 'मा' कुठून येणार? पोर मात्र आहे, गुटगुटीत कात्लेहो. काम करता करता दुधाने तिचा ब्लाऊज भिजायचा, आणि मला तिच्याकडे बघवत नसे. ना नवस, ना उपास!

सोमवारी ती पोर पाठीला बांधूनच आली. मला 'म्मे', म्हणजे आई, म्हणाली; मोठ्या बाईला आमच्यात तसंच म्हणतात. "सांभाळणारी शेजारीण गावी गेली, म्मे. याला कुठे ठेवलं नाही तर काम जाईल माझं. तुमची खुंटी रिकामीच आहे ना?"

"रिकामी आहे म्हणून कुणीही यावं?"

"मग काय, जपमाळ टांगणार आहात तिच्यावर?"

बायका खिदळल्या. माझे कान तापले. नाहीच द्यायची, असं मी ठरवलं.

तेवढ्यात कंपनीची बाई पाळणाघराच्या दारात आली. "किती गोड! कोणाचं बाळ?"

पोराने माझ्या शालीचं टोक मुठीत धरलं होतं.

"माझं," मी म्हणाले. "रेफिलोए."

लिनेओचं तोंड उघडलं आणि मिटलं. बोलली असती तर पाळणाघरातली जागा गेली असती. तिने गाठ सोडून पोर माझ्या हातात दिलं. बाईने आम्हा मायलेकरांचा फोटो काढला.

आता पाळणाघरातल्या दाया त्याला रेफिलोएच म्हणतात. परवा सुटताना लिनेओने हाक मारली, "कात्लेहो!" तो वळला नाही. तिने त्याला माझ्या कडेवरून ओढूनच घेतलं.

"संध्याकाळी तरी माझा असू दे की, म्मे!"

"मी कुठे नाही म्हणते गं," मी हळूच म्हणाले.

ती त्याला घेऊन जाते, रात्रभर तो तिच्या कुशीत असतो. दर शनिवारी मी पापनिवेदनाला जाते. हे एवढं मात्र अजून सांगितलेलं नाही. फादर म्हणतील, जा, खरं सांगून टाक.