परक्या हातांनी कापलेलं गवत

‘‘बाईमाणूस म्हणून मागे राहू नकोस. पुरुष उरला नाही तर गवत तूच काप, दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस,’’ सासू सांगून गेली होती.

माक्सुन विळा अंगरख्याखाली धरून परदेशी छावणीच्या फाटकाशी उभी होती. नवरा लढाईत गेला, मूलबाळ नाही. टोफू विकून ती एकटीचं पोट भरत होती. सासऱ्यांची टेकडीवरची कबर आता छावणीच्या काटेरी तारांच्या आत होती आणि भाद्रपदातल्या पुनवेचा सण तीन दिवसांवर आला होता. त्याआधी पितरांच्या कबरीवरचं गवत कापायचंच असतं. कबर रानटी राहिली की लोक म्हणतात, यांचा वंश बुडाला.

दुभाषा प्यॉन आतून हसतच आला. ‘‘मावशी, काळजी मिटली. कप्तानाने काल शिपायांकडून सगळी टेकडी साफ करून घेतली. आज मोठे पाहुणे यायचेत ना.’’

माक्सुनचा चेहरा उतरला. ‘‘ज्याला कुणी नाही, त्याचंच गवत परका कापतो. तू इथलाच ना रे? तुला सुचलं नाही?’’

प्यॉनचं हसू मावळलं. कप्तानाने येऊन तिच्यापुढे भेट म्हणून मांसाचा डबा धरला.

‘‘परत दे त्याला,’’ माक्सुन म्हणाली. ‘‘मला कबरीपाशी जाऊ दे म्हणावं.’’

‘‘मावशी, हट्ट नको. फौजा कधी जायच्या ते जिनिव्हात मोठ्यामोठ्यांना ठरवता आलं नाही. पुन्हा बोलणी होतील, तेव्हा अर्ज...’’

‘‘त्यांनी बसावं बोलत. मी इथे बसते.’’ आणि ती फाटकासमोर, पाहुण्यांच्या गाड्या यायच्या त्याच वाटेवर मांडी घालून बसली.

कप्तानाने घड्याळ पाहिलं, दुरून उडणारी धूळ पाहिली आणि फाटक उघडायला लावलं. ‘‘अर्धा तास म्हणतोय,’’ प्यॉन पुटपुटला.

कापायला बोटभर खुंटच उरले होते. तिने गुडघ्यांवर बसून तेही मुळापाशी कापले, एकेक मूठ, सावकाश. मग दोनदा मातीला कपाळ टेकलं.

प्यॉन उत्तरेकडे बघत होता. ‘‘माझी आई केसोंगला पुरलीय. युद्धबंदीच्या रेघेपलीकडे. चार वर्षं झाली, विळा लागला नाही. सणालाही मला पहाऱ्यावर राहायचंय.’’

‘‘नदीकाठावरून तिकडचा डोंगर दिसतो,’’ विळा पुसत माक्सुन म्हणाली. ‘‘तुझ्या वतीने मी नमस्कार करीन.’’

‘‘नदीकाठी जायला बंदी आहे, मावशी. फलक लावलाय.’’

‘‘मला वाचता येतं कुठे?’’

सणाच्या सकाळी तिने टोफूचं चुलाण पेटवलं नाही. तांदळाच्या उकडलेल्या करंज्या आणि वाटीभर भाताची दारू फडक्यात बांधली, धुतलेला पांढरा पोशाख घातला. फाट्यावर फलक होता. त्याला वळसा घालून ती नदीकडे चालू लागली.