भाजलेलं चूर्ण

मंगळवारी सकाळी साडेसहाला देवश्रीने कोंबड्यांच्या शेडचं दार उघडलं, तेव्हा भुशावर मेलेले पक्षी पडले होते आणि डाव्या बाजूला बरेच पक्षी पंख खाली सोडून पेंगत होते. आदल्या दिवशीही काही गेले होते. तेव्हा तिने उन्हाला दोष दिला होता. आज तशी समजूत घालता येईना. तिने मेलेले बादलीत गोळा केले, शाळेत रजा कळवली आणि देवासला तरुण नावाच्या पशुवैद्याला फोन लावला.

सोनकच्छजवळच्या या शेडवर पूर्वी दर बॅचला पाण्यातून अँटिबायोटिक जायचं. आजार असो नसो, पुडी फोडायची. होता होता औषधच लागू पडेनासं झालं. इंदूरचा एक व्यापारी अँटिबायोटिकविना वाढवलेल्या कोंबड्या मागत होता. मागची बॅच त्याच्या तपासणीत नापास झाली, मांसात औषधाचा अंश निघाला. "ये लास्ट चान्स है, मॅडम," एवढंच तो म्हणाला. म्हणून या खेपेला तरुणच्या सल्ल्याने दाण्यात ओवा, लसूण, दालचिनी आणि हळदीचं चूर्ण सुरू झालं होतं. हेही फसलं तर शेडला कुलूप लावून पुण्याला नवऱ्याकडे, राजवर्धनकडे जायचं, असं ठरलं होतं. तो हल्ली त्याबद्दल विचारतही नसे.

तरुण नऊच्या सुमारास आला. देवासच्याच मराठी घरातला, पण बोलता बोलता हिंदीत घसरणारा. त्याने एक पक्षी चिरून पाहिला.

"आतड्याला सूज आहे, वहिनी. दवा द्यावी लागेल, नहीं तो अर्धी शेड साफ होईल."

"आणि चूर्ण? ते रोज चाललंय की."

तरुणने पिंपातला मूठभर दाणा नाकाशी नेला. पुन्हा हुंगला. "अरे भिया! ही तर लग्नाच्या रसोईची खुशबू आहे. ओव्याचा झटका कुठे गेला?"

"भाजल्यावर झटका कसा राहील?" दारातून इंदिराबाई म्हणाल्या.

देवश्री सकाळी शाळेत जायची, म्हणून चूर्ण मिसळायचं काम सासूबाईंनी आपण होऊन घेतलं होतं. या घरात मसाला भाजल्याशिवाय वापरत नसत.

"कच्चा मसाला माणसाला बाधतो, ही तर इवलाली पिल्लं," त्या म्हणाल्या. "मंद आचेवर परतत होते. एकदाही करपू दिला नाही."

"काकूसाहेब, ओव्यातला अर्क तोच तर कामाचा. तो कढईतून उडून गेला. तुमच्या रसोईतले जंतू मेले असतील, शेडमधले नाही."

"मग पोत्यावर लिहायचं होतं."

"लिहिलंय ना. इंग्रजीत."

"वा! म्हणजे कोंबड्यांनीच वाचायचं!"

देवश्रीला हसू आलं नाही, रागही आला नाही. भाजू नका, हे तिनेही सांगितलं नव्हतं. कुणी भाजेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता कच्चं दिलं तर?"

"चूर्ण म्हणजे दवा नाही, वहिनी. आजार येऊ नये म्हणून आहे ते. आता तो आलाय. जे चांगले आहेत, त्यांना फायदा होईल. शायद."

तिने शेडच्या मधोमध जाळी लावून घेतली. डावीकडे पाण्यातून अँटिबायोटिक, उजवीकडे न भाजलेलं चूर्ण, दोन्हीकडची भांडी वेगळी. काम संपायला दुपार झाली.

"इंदूरला कशाला सांगता?" तरुण गाडीत बसता बसता म्हणाला. "डावीकडचे लोहारद्याच्या बाजारात काढा, उजवीकडचे त्याला द्या. किसको पता?"

"जाळीवरून पक्षी उडतात, तरुण. आणि तपासणी पुन्हा होणार आहे."

तिने व्यापाऱ्याला फोन करून सगळं सांगितलं, कढईसकट.

"एक ही शेड में दोनों?"

"हां."

"सोचके बताता हूँ."

ती ओट्यावर पाय सोडून बसली. इंदिराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो तिच्या हातात दिला, पण गेल्या नाहीत.

"सूनबाई, उद्यापासून मी मिसळू, की तू बघतेस?"

"तुम्हीच मिसळा, आईसाहेब. मला शाळा आहे. फक्त चुलीपाशी नेऊ नका."

"नाही नेणार," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण वास फार उग्र आहे गं त्याचा."

"असू दे."

गुरुवारी दुपारपर्यंत डावीकडची मरतूक कमी झाली नव्हती. औषधाचा हा तिसरा दिवस होता. उजवीकडे त्या दिवशी एक पक्षी मेला. तो चिरून पाहायला तरुण संध्याकाळी येणार होता. इंदूरहून फोन आलेला नव्हता.