कोवळ्या काड्या आणि रिकामी वाटी

मी एक जुना लोखंडी तवा आहे. मित्रांनो, माझा काळा रंग पाहून नाक मुरडू नका. हा रंग भाकऱ्या भाजून भाजून मिळवलेला आहे.

धुळ्याकडच्या झुंबर लोहाराने मला घडवले. कोंडाबाईने आठवडी बाजारात मला ठोकून, वाजवून विकत घेतले आणि नवऱ्याबरोबर सिल्वासाला आणले. तिचा नवरा सुकदेव तिथल्या आमली भागातल्या कारखान्यात कामाला होता. १९८९ साली त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला आणि तो घरी बसला. मग कोंडाबाईला कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम मिळाले, पण आठच दिवसांच्या बोलीवर. नवी मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता आणि तो केळी-बिस्किटांवर दिवस काढत होता. "पाहुणा पोटभर जेवला, तर तुमचं काम पक्कं," असे मॅनेजर प्रभाकर साहेबांनी तिला सांगितले. तिथल्या पातळ तव्यांवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून ती मला पिशवीत घालून घेऊन जाई.

सात दिवस गेले. पाहुणा काही जेवेना. आठव्या दिवशी साहेबांनी मुंबईहून हिरव्या काड्यांची एक जुडी आणली.

"ॲस्परॅगस. आपल्या शतावरीच्या जातीची भाजी. त्यांना फार आवडते," एवढे सांगून ते निघून गेले. करायची कशी, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

"या त शेवग्याच्या कवळ्या शेंगाच," कोंडाबाई म्हणाली. तिने अर्ध्या काड्या चिरल्या, काळा मसाला आणि दाण्याचे कूट घालून चांगल्या अर्धा तास शिजवल्या. झाकण काढले तर पातेल्यात नुसता लगदा! खरे सांगतो, मला तिचा रागच आला. एखादी काडी आधी चाखून तरी पाहायची!

"आते काय करू रे देवा?" तिचे डोळे भरून आले. मग तिने पदराने डोळे पुसले आणि मला शेगडीवर चढवले. ठेच्याच्या मिरच्या भाजतात तशा उरलेल्या काड्या तिने तेल, लसूण आणि मिठावर परतल्या. काळे ठिपके पडताच उतरवल्या. ताटात शेजारी एक रिकामी वाटी ठेवली, चोथा टाकायला. शेवगा वाढला की तिच्या घरी हीच रीत.

थोड्या वेळाने ती वाटी परत आली, अगदी स्वच्छ, चोथ्याचा कणही नाही. कोंडाबाईने मला घरी न्यायला पिशवी उचलली. "काहीच खाल्लं नही त्यानं. गेलं माझं काम."

तेवढ्यात प्रभाकर साहेब स्वतः ताट घेऊन आले. ताटात एकच काडी होती.

"अहो, सगळं संपवलं त्यांनी. हिला चोथा नसतोच! ही एक तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय. उद्यापासून तुम्ही कायम."

ती काडी घरी आली. माझ्यावर गरम होऊन तिचे तीन तुकडे झाले. लहानगी लेक सोनी चावत चावत म्हणाली, "माय, थुकानं काय?"

"काहीच नही. गिळी टाक."

सुकदेवने डाव्या हाताने तुकडा तोंडात टाकला. "मिरचीच बरी," तो म्हणाला. पण तो कितीतरी दिवसांनी हसला होता.

पुढे गेस्ट हाउसमध्ये न चिकटणारे तवे आले. मी घरी परतलो आणि पाण्याच्या पिंपावरचे झाकण झालो. मला गंज चढला. कुणाचे लक्ष गेले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

१९९८ साली सोनीने मला खाली उतरवले, विटेच्या तुकड्याने घासले, विस्तवावर कोरडे केले आणि तेल लावले. मित्रांनो, लोखंडाला ओले ठेवू नका. आम्हाला एवढेच पुरते.

सोनीच्या तळव्यावर थोडे तेल उरले होते. ते कुठे पुसावे म्हणून तिने इकडेतिकडे पाहिले. मग आईचा हात ओढून घेतला आणि नऊ वर्षे गेस्ट हाउसचा स्वयंपाक करून, भांडी घासून भेगाळलेल्या त्या बोटांना ते तेल चोळत बसली.