पियानोबाईंची साथ

"पुन्हा," सर म्हणाले, आणि पियानोबाईंनी गाण्याआधीचा तुकडा पुन्हा वाजवला.

सभागृहात मुलं तीन ओळींत उभी होती. मधल्या ओळीतली दोन पोरं पेंगत होती, एकीचं लक्ष खिडकीबाहेर. सगळ्यांच्या पुढे एकटी उभी होती चिऊ. पहिलं कडवं तिनं एकटीनं गायचं आणि मग बाकीच्यांनी उचलायचं, असं ते गाणं होतं. तिनं गायलं. सूर चोख लागला, पण म्हटलं मात्र पाढे म्हणावेत तसं.

"काय झालंय तुला? जरा जीव ओतून गा. पुन्हा."

"सर, पाणी पिऊन येऊ?"

"गाणं झाल्यावर."

चिऊ शाळेत वडिलांना सर म्हणायची आणि घरी बाबा. फरक तेवढाच. सर शाळेचे उपमुख्याध्यापक होते आणि हे गायनमंडळ त्यांनी स्वतः उभं केलेलं. पियानोबाई म्हणजे त्यांची बायको. हे नाव मुलांनी ठेवलं होतं, आणि आता शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्याच नावानं हाक मारत. कुणी चुकून खऱ्या नावानं बोलावलं तर ती क्षणभर मागे वळून बघायची, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

पियानो मात्र खरोखरच तिचा होता. माहेरचा. लग्नानंतर तो नव्या घरी आणला तेव्हा जिन्याच्या वळणावर अडकला. हमाल घामाघूम झाले, कठड्याचा टवका उडाला, तळमजल्यावरच्या म्हातारीनं सगळी इमारत डोक्यावर घेतली, पण पियानो काही वळेना. तेव्हा नवरा म्हणाला, "शाळेला देऊन टाकू. तू रोज येऊन वाजव की. घरात काय आणि तिथे काय, एकच." तिला ते पटलं. आपला नवरा किती समजूतदार, असंही तिला तेव्हा वाटलं होतं.

ती रोज येऊन वाजवू लागली. फक्त काय वाजवायचं, केव्हा सुरू करायचं आणि केव्हा थांबायचं, हे सर ठरवत. सभागृहाची किल्ली त्यांच्या खिशात असे. तालीम संपली की दिवे मालवायचे आणि दोघांनी मिळून घरी निघायचं. सुरुवातीला ती विचारायची, "अहो, मी जरा बसू का? पाचच मिनिटं." ते नाही म्हणत नसत. दारात उभे राहत, किल्ली बोटाभोवती फिरवत. असं कुणी ताटकळत उभं असलं की बोटं आखडतात. हळूहळू तिनं विचारणंच सोडून दिलं.

त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती. चिऊ येऊन ओट्याला टेकली.

"आई, मला गायनमंडळ सोडायचंय."

"झालं तुझं सुरू?"

"खरंच. मला नाटकमंडळात जायचंय. नाटकाच्या बाईंनी बोलावलंय मला. म्हणजे बोलावलं नाही, मीच विचारलं. त्या ये म्हणाल्या."

"अगं, एवढा छान आवाज आहे तुझा..."

"माहितेय गं. येता-जाता सगळे तेच सांगतात. पण तिथे उभी राहिले ना, की घशात कुणीतरी ठाण मांडून बसलंय असं वाटतं. तू एकदा बोल ना बाबांशी."

"बघते."

"तू नेहमी बघतेच."

चिऊ हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती सहज म्हणाली आणि घासलेलं एक भांडं पुसून जागेवर ठेवलं.

जेवताना तिनं धीर करून विषय काढला. "अहो, चिऊ म्हणत होती..."

"कळलंय मला. नाटकाच्या बाई बोलल्या." सर कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. "नाटक काय, कुणीही करतं. असा गळा सगळ्यांना मिळत नाही. हिला गायचं नसेल तर मंडळ तरी कशाला चालवायचं? बंद करू. तूही मग घरी आराम कर. पुष्कळ वाजवलंस."

तिनं पुढचा घास तोंडात घातला. चिऊ आईच्या तोंडाकडे बघत राहिली, मग ताट घेऊन उठली. सर "बंद करू" म्हणाले त्या क्षणी आपल्या डोळ्यांपुढे लेक आली नाही, पियानो आला, हे तिचं तिलाच कळलं होतं. तो घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

वार्षिक कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, मागे नटूनथटून आलेले पालक, त्यामागे उभे राहिलेले लोक. सरांनी हात उचलला. तिनं सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि चिऊच्या शब्दासाठी जागा करून दिली.

शब्द आला नाही.

कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. तिनं तुकडा परत घेतला. सर ओठांनी "गा" म्हणाले. चिऊ उभीच. तिसऱ्या वेळी मागच्या ओळीतल्या मुलांची चुळबुळ सुरू झाली, कुठेतरी एक लहान मूल खुदकन हसलं, आणि लेकीचा फोटो काढायला उभ्या राहिलेल्या एका बापानं कॅमेरा खाली घेतला. सर पियानोकडे वळले आणि त्यांनी हवेत बोट गोल फिरवलं. पुन्हा.

तिनं पुन्हा वाजवलं. वाजवता वाजवता मान वर करून पाहिलं. तिला वाटलं होतं पोरगी भेदरली असेल. चिऊ मुळीच भेदरलेली नव्हती. ओठ घट्ट मिटून, हात मागे बांधून ती उभी होती, आणि बघत होती ती सरांकडे नाही, आईकडे.

आपण वाजवत राहू तोवर या पोरीला इथून हलता येणार नाही, हे तिला तेव्हा उमगलं. बोट सर फिरवत होते हे खरं, पण वाजवत ती होती. इतकी वर्षं तीच वाजवत आली होती.

तिनं हात उचलून मांडीवर ठेवले. तुकडा मधेच तुटला. सरांचं बोट हवेत आणखी एकदा गोल फिरलं, नुसतंच. ती उठली, पियानोचं झाकण लावलं, तीन पायऱ्या चढून मंचावर गेली आणि लेकीचा दंड धरला.

"चल बाळा, पाणी पी."

पडद्यामागे सर आले तेव्हा चिऊ भांडं तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तू थांबलीस का?"

"ती गात नव्हती."

"गायली असती. तू वाजवत राहिली असतीस, तर झक मारत गायली असती."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच थांबले."

सरांनी मंडळ बंद केलं नाही. सुट्टीनंतर त्यांनी एक यंत्र आणलं. साथीचं संगीत त्यात भरलेलं होतं, बटण दाबलं की सुरू. पहिल्या कडव्याला दुसरी मुलगी उभी केली. चिऊबद्दल एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला कुठे जायचं तिथे." पियानो भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात सरकवला गेला. तिनं एकदाच विचारलं, "अहो, सुट्टीच्या दिवशी किल्ली द्याल?"

"सभागृह शाळेचं आहे," सर म्हणाले. "माझ्या घरचं नाही."

ती घरात राहू लागली. कपडे इस्त्री करायची, खिडक्या पुसायची, पुसलेल्या पुन्हा पुसायची. जेवणाच्या टेबलाशी बसली की बोटं आपोआप हलू लागत. "ती टकटक थांबव," सर पेपरामागून म्हणत. ती हात मांडीवर घ्यायची.

नाटकाच्या दिवशी सरांना काम निघालं. ती एकटीच गेली आणि मागून तिसऱ्या रांगेत बसली. सभागृह या बाजूनं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मंच वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

चिऊला म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं काम होतं, बोलायला दोनच वाक्यं. त्यातलं दुसरं तिनं आधी म्हटलं. मग चूक लक्षात येऊन पहिलं म्हटलं, तेही असं खणखणीत की समोरचा राजा दचकला आणि लोक हसू लागले. मिशी एका बाजूनं सुटून लोंबत होती. अभिनय तिला काही फारसा येत नव्हता, हे आईलाही दिसत होतं. पण लोक हसले तशी चिऊसुद्धा आतल्या आत हसली. मिशी हातानं दाबून धरत, छाती काढून, ती दरवाजाशी पहारा देत शेवटपर्यंत उभी राहिली.

पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या. या सभागृहात टाळ्या पडत तेव्हा ती नेहमी पुढच्या गाण्याची पानं लावत असायची. आज तीही टाळ्या वाजवू लागली. पुढचे लोक थांबले, मागचे उठून दाराकडे निघाले, तरी तिचं चालूच होतं. तळवे लाल झाले.

शेजारच्या बाई पर्स खांद्याला लावता लावता थबकल्या. "तुमचं कुणी होतं का नाटकात?"

"तो पहारेकरी," ती म्हणाली.

"अगं बाई! मिशीवाला? मुलगा छान धीट आहे हो तुमचा."

"मुलगी आहे," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवत राहिली.