उजवीकडचं वळण

माणूस किती पाण्यात आहे हे तो वळण घेताना कळतं, असं ओरेस्ट दानिलुकचं सव्वीस वर्षांच्या अनुभवावर उभं असलेलं मत होतं. त्या रविवारी दुपारी उल्विकांच्या फाटकातून आत वळताना त्याची गाडी या मतासकट घसरली आणि रस्त्याकडेच्या चरात नाक खुपसून बसली.

ऐंशी वर्षांचा आयनार उल्विक ट्रॅक्टर घेऊन आला तो इतका सावकाश, की हे होणार हे त्याने सकाळपासूनच गृहीत धरलं असावं. त्याने साखळी अडकवली, गाडी ओढून काढली, आणि साखळी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तूच ना रे तो, माझ्या नातवाला वळता येत नाही म्हणणारा?"

ओरेस्टने सांगितलं की मी तसं म्हणत नाही, क्लब म्हणतोय.

"हां, क्लब," आयनार म्हणाला. "मग येताना क्लबलाही आणायचंस. साखळी लांब आहे माझी."

ओरेस्टचा धंदा पोरं पारखण्याचा. पूर्वेकडच्या एका मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी क्लबसाठी तो कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या गावोगावच्या रिंकमध्ये सगळ्यात वरच्या, सगळ्यात गार बाकावर बसून पोरांचे पाय बघत आला होता. चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. लग्नाकार्यात कुणी 'ओळखलंत का' म्हणत पुढे आलं, की त्याची नजर आधी समोरच्याच्या गुडघ्यांवर जाई. त्याने वर कळवलेल्या पोरांपैकी आजवर दोघं खऱ्या अर्थाने व्यावसायिक खेळाडू झाले होते. त्यातला एक गोलरक्षक होता, आणि गोलरक्षकाला फारसं कुठे जायचंच नसतं.

केल्डन उल्विक हा तिसरा व्हायचा होता. तो चौदा वर्षांचा असताना ओरेस्टने त्याला हेरला, आणि चार वर्षांनी क्लबने निवडीच्या दिवशी अगदी शेवटच्या फेरीत, टेबलाभोवतीचे निम्मे लोक जेवायला उठलेले असताना, ओरेस्टच्या शब्दावर त्याचं नाव घेतलं. नियम असा, की निवड झाल्यापासून दोन वर्षांत करार करायचा, नाहीतर पोराला सोडून द्यायचं. ही मुदत आता जूनच्या एक तारखेला संपत होती. करार झाला तर क्लबच्या दुसऱ्या संघात जागा, हातात पगार आणि मुख्य संघ फक्त एक पायरी वर. नाही झाला तर विसाव्या वर्षी कुमार संघही संपला आणि हॉकीही. पुढे मग धान्याची कोठारं किंवा तेलविहिरी, आणि दर ख्रिसमसला कुणातरी पाहुण्याला 'मला एकदा निवडलं होतं' हे सांगणं.

अडचण उजव्या बाजूची होती. क्लबचा एकतीस वर्षांचा संचालक गेविन याने कॅमेऱ्यातून काढलेला एक तक्ता पाठवला होता. त्यानुसार केल्डन डावीकडे वळताना क्लबातल्या कुठल्याही बचावपटूच्या तोडीचा होता आणि उजवीकडे वळताना त्याचा एक पंचमांश वेग गळून जात होता. शुक्रवारी गेविनने फोन करून सोमवारपर्यंत ओरेस्टकडून एक पान मागवलं. स्केटिंगला दोन्ही बाजूंचे नऊपैकी गुण, आणि खाली दोन चौकटी: व्यावसायिक खेळासाठी तयार, होय किंवा नाही. वर त्याने प्रेमाने सुचवलं होतं की मनाने लिहू नका, डोळ्यांनी लिहा. ओरेस्टने आयुष्यात मनाने एक ओळ लिहिलेली नव्हती. डोळ्यांना मात्र हल्ली दोन चष्मे लागत होते, हे त्याने फोनवर सांगितलं नाही.

कुमार संघाचा मोसम आटोपला होता. गावच्या रिंकमधला बर्फ शेती-अवजारांच्या प्रदर्शनासाठी काढून टाकला होता. केल्डनने फोनवर सांगितलं की मी घरीच आहे, रविवारी आजोबांचा वाढदिवस आहे, आणि आमचं शेततळं अजून दगडासारखं गोठलेलं आहे, तर इकडेच या. सहा वर्षांत ओरेस्टने त्याला पन्नासेक रिंकमध्ये पाहिलं होतं. घरच्या तळ्यावर तो पहिल्यांदाच येत होता.

तळं गोठ्याच्या मागे होतं. लांबट, चौकोनी, वरचा बर्फाचा भुगा झाडून लख्ख केलेलं. केल्डन पायात स्केट्स चढवून कधीचा उभा होता. उंच पोर, कान लाल, बोलणं मोजकं. आजोबांनी त्याला पाचव्या वर्षापासून वाढवलं होतं, त्यामुळे घरात बोलायचा कोटा आजोबाच वापरून टाकत. आयनारने एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर न्यायाधीशासारखा बसला.

आधी डावीकडे. केल्डन कुंपणाच्या कडेने वारा पाठीवर घेऊन निघाला आणि टोकाला डावीकडे असा झुकला, की हातमोजा बर्फाला लागेल की काय वाटावं. पात्यांचा आवाज एकसारखा, धारेच्या सुरीने मेणकापड चिरत जावं तसा. ओरेस्टने हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याला खोकला येई. त्याचा दोष तो गार बाकांना देत असे.

मग उजवीकडे. अरुंद गोठ्यात गाय उलटी वळवावी तसा पोरगा वळला. एक पाऊल जास्त, खांदा आधी, कंबर मागाहून.

ओरेस्टने याआधीच्या दोन अहवालांत याच जागी 'कंबर?' असं लिहिलं होतं. प्रश्नचिन्हासकट. आता त्याने लांबचा चष्मा लावला आणि पहिल्यांदाच पायांऐवजी तळ्याकडे नीट पाहिलं. पलीकडच्या टोकाला, गोठ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, बर्फात दाराएवढं भोक पाडलेलं होतं. काळं पाणी दिसत होतं, आणि काठावर तीन गाई पाणी पिऊन उगीच रेंगाळल्या होत्या.

"हे भोक नेहमी इथेच असतं?" त्याने विचारलं.

केल्डन म्हणाला, "हो. गुरांचं फाटक इकडे आहे ना. त्यामुळे आमचा नियम आहे. वारा उत्तरेचा. पाठीवर वारा असला की कुंपणाकडूनच जायचं, भोकापासून लांब. मग डावीकडे वळायचं आणि भोकाच्या बाजूने परत यायचं. येताना वारा तोंडावर, म्हणजे वेग नसतो."

"आणि उलट फेरी मारली तर?"

केल्डनने बादलीकडे पाहिलं. बादलीवरून उत्तर आलं, "तर स्केट्स महिनाभर माझ्या पलंगाखाली."

ओरेस्टने चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाचव्या वर्षापासून शाळा संपेपर्यंत, दर हिवाळ्याचे पाच महिने, रोज शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत हे पोर एकाच अंगाने फिरलं होतं. कंबर ठणठणीत होती. दोष असला तर गुरांच्या तहानेचा होता.

मग ओरेस्टने त्याच्या धंद्यात कुणी करत नाही ते केलं. रबरी बुटांनिशी तो बर्फावर उतरला. पारख करणाऱ्याने बाकावर बसायचं असतं, शिकवायचं काम दुसऱ्यांचं. पण त्याने आपली टोपी एका जागी ठेवली, हातमोजे दोन जागी, आणि भोकापासून लांबच्या अर्ध्या भागात केल्डनला त्यांच्याभोवती उजवीकडून फिरायला लावलं. खांदा विसर, गुडघा आधी आत घाल, आतल्या पायावर विश्वास ठेव. टोपी नसल्याने थोड्याच वेळात त्याचे कान पोराच्या कानांसारखेच दिसू लागले. केल्डन पडला, उठला, काही न बोलता परत गेला. तासाभराने एक फेरी अशी साधली, की पात्यांचा तोच मेणकापडासारखा आवाज उजव्या बाजूने आला. ओरेस्टला खोकला आला. पुढच्या दोन फेऱ्या पुन्हा गाईच्या.

वर्षभर रोज कुणी घासून घेतलं तर हा पोरगा दोन्हीकडे वळेल, हे ओरेस्टला आता स्वच्छ दिसत होतं. आज वळत नाही, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं.

केल्डन गाईंना हाकलायला गेला तेव्हा आयनार बादलीवरून उठला. बराच वेळ तो भोकाकडे बघत राहिला.

"म्हणजे या भोकामुळे," तो म्हणाला.

ओरेस्टने बर्फावरची आपली टोपी उचलली.

"एकाहत्तर सालापासून मी इथेच पाडतोय. फाटक जवळ पडतं म्हणून." मग जरा थांबून, "आणि तिकडे कुंपणाच्या बाजूला पाडलं असतं तर?"

"तर त्याला डावीकडे वळता आलं नसतं."

आयनारने यावर विचार केला. "म्हणजे माझं चुकलं नाही."

"नाही."

"पण बरोबरही नाही आलं."

"तुमच्या नियमाने पोरगं बुडालं नाही, आयनार," ओरेस्ट म्हणाला. "माझ्या पानावर त्याला चौकट नाही, एवढंच."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि बादली उचलून घराकडे चालू लागला. जाताना तो स्वतः कुठल्या अंगाने वळतो हे ओरेस्टने सवयीने पाहिलं. मग त्याला आपलीच लाज वाटली.

गाडीत बसून त्याने फोनवर पान भरलं. डावीकडे आठ. उजवीकडे चार. तयार: तिथे बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. 'वर्षभर थांबा' अशी तिसरी चौकट नव्हती. सव्वीस वर्षांत त्याने कुठल्याही पोराला दयेचा एक गुण दिला नव्हता. दयेने वर चढवलेली पोरं पुढच्या पायरीवर कशी मोडतात हे त्याने पाहिलं होतं. त्याने 'नाही'वर खूण केली. पण पान पाठवलं नाही. पाठवायच्या आधी पोराला तोंडावर सांगायचं, ही त्याची रीत होती. क्लबला ती मान्य नव्हती, आणि क्लबला ती ठाऊकही नव्हती.

केल्डन स्केट्स खांद्याला अडकवून आला आणि शेजारच्या सीटवर बसला. ओरेस्टने सरळ सांगितलं. आज तू तयार नाहीस, तसं मी लिहिलंय. वर्ष मिळालं तर होशील, पण ते लिहायला तिथे जागा नाही.

"बरोबर आहे," केल्डन म्हणाला. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती, ती त्याने बाहीने पुसली. "मला माहितीय, मिस्टर दानिलुक. एजंटने गुरुवारी सांगितलं. त्यांनी फिनलंडचा कुणीतरी घेतला. माझा करार होणार नाहीये."

"गुरुवारी?" ओरेस्ट म्हणाला. "गेविनने माझ्याकडे पान मागितलं ते शुक्रवारी."

"फाइलला लागत असेल."

समोर गोठ्याच्या पत्र्यावरून बर्फ वितळून थेंब थेंब पडत होता. शेवटी ओरेस्टने विचारलं, "मग मघाशी दीड तास आपटत का होतास रे?"

केल्डनने स्केट्सची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "आजोबा पहाटेपासून बर्फ झाडत होते. आणि तुम्ही एवढ्या लांबून आलात." मग खालच्या आवाजात, "त्यांना आज नका सांगू. वाढदिवस होऊ दे. उद्या मी सांगतो."

आत बेरीचा 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, कापून ठेवला होता. त्यावर एकच मेणबत्ती होती, कारण आयनारच्या मते ऐंशी लावल्या तर अग्निशामक दल बोलवावं लागलं असतं आणि त्यांच्याकडे त्याचा लांबचा भाचा होता, जो आला की जेवूनच जाई. ओरेस्टच्या ताटलीत सगळ्यात मोठा तुकडा वाढून आयनार म्हणाला की तुम्ही युक्रेनियन लोक 'पाय'मध्ये बटाटा घालता असं ऐकलंय, हे खरं का. ओरेस्टने सांगितलं की 'पाय'मध्ये नाही, उरलेल्या सगळ्यात घालतो.

मग आयनारने चमचा खाली ठेवला. "तर मग काय? झालाय का तयार?"

केल्डन ताटलीकडे बघत होता.

"उजवीकडे अजून थोडं काम आहे," ओरेस्ट म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी त्याला ते गिळायला कॉफीचा घोट लागला.

आयनारने समाधानाने मान डोलावली. कामाचं त्याला कधीच वावडं नव्हतं. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात मी भोक कुंपणाच्या बाजूला पाडतो. गुरं येतील वळसा घालून, त्यांना दुसरं काय काम असतं. तू घरी आलास की उलटा फिर, पोरा. पाहिजे तेवढा."

"चालेल, आजोबा," केल्डन म्हणाला आणि त्याने आपला तुकडा संपवला. मग आजोबांचाही.

निघताना आयनारने ट्रॅक्टर फाटकापर्यंत आणून ठेवला होता, कशाला ते बोलून दाखवलं नाही. ओरेस्ट गाडी नीट काढून हमरस्त्याला लागला. मैलभर गेल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, चाराच्या जागी पाच केले आणि पान पाठवून दिलं. 'नाही' तसंच राहिलं.

ऑक्टोबरात आयनारचे गुडघे गेले आणि त्याने गुरं विकली. त्या हिवाळ्यात तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गोठलं.