एकेचाळीस धोक्यांचा देश

उमाकांत देवस्थळी विमा कंपनीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला अधिकारी काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. आदर्श नगरातल्या घरात नवा गिझर बसवायचा म्हटलं, तरी हे गृहस्थ आधी कागद घेऊन बसायचे आणि काय काय बिघडू शकतं ते एक, दोन, तीन असं लिहून काढायचे. एकतीस वर्षं त्यांनी विम्याचे प्रस्ताव तपासले होते. समोरच्याने कुठलं दुखणं दडवलंय ते हुडकून काढायची खोड तेव्हा लागली ती लागलीच. जयपूरला बदली होऊन आले आणि इथलेच झाले, पण खोड मात्र साताऱ्याहून आणल्यासारखी जपली.

त्यामुळे ज्ञानदाचा फोन आला तेव्हा पुढे काय होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्ञानदा त्यांची थोरली. ती तीन वर्षांपासून कोलंबियात बेडकांवर संशोधन करत होती, आणि नवरा संकल्प तिथेच डोंगरात पूल बांधत होता. तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास साफ बंद केला होता.

“मग मी येते,” रमाबाईंनी फोनवरच सांगून टाकलं. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मी सोडायला येतो ना आईला,” धाकटा वरुण म्हणाला. तो इथेच एका आयटी कंपनीत होता. “बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मतलब, तुम्ही पण चला.”

उमाकांतरावांनी कागद घेतला.

तीन दिवस ते लॅपटॉपसमोरून हलले नाहीत. देश देखणा आहे हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. हिरव्यागार डोंगरांच्या रांगा, दरीत उतरलेले ढग, अंगठ्याएवढे पक्षी फुलांतला मध पिताना. असे फोटो पाहताना ते दोनदा चहा प्यायचा विसरले. पण नंतर बातम्या उघडल्या आणि यादी सुरू झाली. अपहरण. बंदुका. पुराचं पाणी. साप. डास. ज्वालामुखी. विषारी बेडूक, आणि आपली मुलगी नेमकी त्यांच्याच मागे. शेवटी आकडा एकेचाळीसवर थांबला. एवढं वाचल्यावर कोणतीही शहाणी बाई बॅग परत माळ्यावर टाकेल, अशी त्यांची खात्री होती.

रमाबाई स्वयंपाकघरात खारका फोडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि सगळी यादी शेवटपर्यंत वाचली.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण मला कशाला दाखवता? तिथे राहते ज्ञानदा. तिला विचारा. ऑफिसात काय करायचात तुम्ही? शंका आली की लगेच प्रस्ताव फेटाळायचात?”

आता हे बरोबर वर्मावर होतं. उमाकांतरावांनी नोकरीत एक नियम कधी मोडला नव्हता. शंका कितीही मोठी असो, आधी अर्जदाराला लेखी विचारायचं, त्याचा खुलासा यायचा, मगच निकाल. आयुष्यभर जो न्याय परक्यांना दिला तो पोटच्या पोरीला कसा नाकारणार? त्यांनी यादी टाइप केली, उजवीकडे ‘आपला खुलासा’ असा रिकामा रकाना ठेवला आणि मुलीला मेल केली. खाली सवयीने ‘कृपया मुद्देनिहाय उत्तर द्यावे’ असंही लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. चहाच्या वेळी वरुण ते मोठ्याने वाचू लागला. ज्ञानदाची शाळा जयपुरातलीच, त्यामुळे तिचं मराठी जरा लंगडत चालायचं, पण बोलायला कोणाला ऐकायची नाही.

“‘एक, अपहरण. सहा महिन्यांच्या पोटाची बाई उचलून न्यायला क्रेन लागेल, बाबा. कोण इतकी मेहनत करणार? नऊ, विषारी बेडूक. आहेत. नखाएवढे, पिवळेधमक. कुणी हात नाही लावला तर काही करत नाहीत. मतलब तुमच्यासारखेच. चौदा, डास. हो, पण आदर्श नगरपेक्षा कमी.’”

रमाबाई हसत होत्या. उमाकांतराव हसू दाबून गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते, खुलासे समाधानकारक आहेत अशा थाटात. तेवीसवर येऊन वरुण अडखळला. त्याने लॅपटॉप बापाकडे वळवला.

“हे तुम्हीच वाचा,” तो म्हणाला.

तेवीस म्हणजे दरडी. समोर लिहिलं होतं, ‘हो. गेल्या महिन्यात पडली. संकल्प पलीकडच्या साइटवर होता. चार दिवस रस्ता बंद, फोन पण बंद. मी घरी एकटी. बाळ हलत नाहीये असं वाटायचं, म्हणून दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची. शेजारच्या काकू यायच्या, खूप चांगल्या आहेत, पण मला त्यांची भाषा तेव्हा आठवतच नव्हती. मला फक्त आपलं मराठी ऐकायचं होतं. तुम्हाला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही कुणाला येऊच दिलं नसतं. ही माहिती मी लपवली, बाबा. सॉरी.’

चोविसापासून पुढचे सगळे रकाने कोरे होते.

माहिती लपवणं हा एकच गुन्हा उमाकांतरावांनी एकतीस वर्षांत कधी माफ केला नव्हता. आज लपवणारी त्यांची ज्ञानदा होती, आणि तिने ते बापाच्या धाकाने केलं होतं. दरड पडली तेव्हा पोरगी एकटी बसून राहिली, आणि दरडीइतकीच तिला भीती वाटली ती आपल्या बापाच्या कागदाची. इतके धोके लिहिले, पण त्यांत स्वतःचं नाव घालायचं राहूनच गेलं होतं.

“तुला माहीत होतं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“होतं,” रमाबाई शांतपणे म्हणाल्या. “बाबांना सांगू नकोस म्हणून तिनं शपथ घातली होती. पण तुम्ही विचारलंत तर ती खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुमचीच लेक आहे.”

उमाकांतरावांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला. चहा गार झाला.

“बाबा,” वरुण हळूच म्हणाला, “आईचं आणि माझं तिकीट काढू ना?”

“तीन काढ,” उमाकांतराव म्हणाले.

त्या देशात जाऊन परत यायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. वरुणने ती आधीच घेतली होती; पुढच्या आठवड्यात नवराबायको सरकारी केंद्रात रांगेत बसले. रमाबाईंची लस आधी झाली. मग उमाकांतरावांचा अर्ज टेबलावर गेला. रक्तदाब, २००९ची छातीतली कळ, एका थंडीत झालेला खोकला, काही म्हणजे काही त्यांनी वगळलं नव्हतं. तरुण डॉक्टरने ते सगळं वाचलं, सोबतचं फिटनेस सर्टिफिकेट पाहिलं आणि चेहरा वर केला.

“अंकल, साठ के बाद इस टीके में थोड़ा रिस्क रहता है. आप तो अड़सठ के हैं. आंटीजी का जाना समझ में आता है, डिलिवरी है. आपका जाना इतना ज़रूरी है क्या?”

हा प्रश्न उमाकांतरावांनी स्वतः जन्मभर लोकांना विचारला होता.

“डॉक्टरसाब,” ते म्हणाले, “हमारे में लड़की की पहली डिलिवरी मायके में होती है. वो आ नहीं सकती, तो मायका जा रहा है. अब आधा मायका कैसे भेजूँ?”

डॉक्टरने अर्जावर सही केली. रमाबाईंनी नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि उमाकांतरावांनी शर्टाची बाही वर केली.